तेन्जिन : अर्थ पाचवा

टोकियो, ८ मे १९७२

कात्सुयोताई,

त्या दिवशी बाबा 'तेन्जिन' म्हणाले तेव्हा त्यांना नक्की काय हवं होतं? पंधरा महिने हा प्रश्न घेऊन मी फिरते आहे आणि मला उत्तर देता येत नाही. शब्दांचे अर्थ सांगण्याचा पगार घेते, आणि घरातल्या माणसाच्या एका शब्दापाशी येऊन अडते.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र कामाचं आहे, म्हणूनच लिहायचा धीर झाला.

आमचा नवा शब्दकोश एका हातात मावणारा आहे. शाळेतल्या मुलांना आणि दुकानदारांना परवडेल, दप्तरात बसेल असा. 'ते' अक्षराचा अर्धा भाग माझ्याकडे आला आहे. 'तेन्जिन'ला नऊ ओळी मिळाल्यात. आमचे प्रमुख हिबिनो सर ओळीबाबत फार कडक आहेत.

पहिला अर्थ, आकाशातले देव, म्हणजे जमिनीवरच्या देवांहून वेगळे. हा सगळ्यांत जुना आणि आता कुणी फारसा वापरत नाही असा. दुसरा, खोट्या आरोपावरून हद्दपार झालेला आणि मेल्यावर विद्येचा देव झालेला तो मंत्री. आपल्या गल्लीच्या टोकाचं देऊळ त्याचंच, आणि दर पंचवीस तारखेला तिथे भरणारा बाजारही त्याच नावाचा. तिसरा, खारात मुरलेल्या उमे या आंबट फळाच्या कोयीतला गर. चौथा, जुन्या रंगमहालांतल्या दुसऱ्या दर्जाच्या गणिका. त्यांचा दर पंचवीस नाणी होता आणि पंचवीस हा देवाचा दिवस, म्हणून लोकांनी देवाचं नाव त्या बायकांना दिलं. हा अर्थ लिहिताना मी बराच वेळ थांबले होते, पण वगळला नाही. झालं ते झालं, कोशाने लपवाछपवी करू नये असं मला वाटतं.

पाचवा आपला. तीन तारांच्या शामिसेन वाद्याच्या दांडीचा वरचा, मागे वळलेला माथा.

आपला म्हणजे तुझा.

त्या अर्थाच्या वापराचा पुरावा देणारं कार्ड आमच्याकडे नाही. जुन्या पुस्तकांत तो आहे, पण सरांना हवं आहे की आज काम करणारे कारागीर तो शब्द वापरतात का. संपादकाने स्वतःच्या आठवणीवरून नोंद करायची नाही असा नियम आहे. सर म्हणाले, "तुमच्या घरचा धंदाच तो ना? घरी कुणीतरी आहे अजून. विचारा." सोबत कोरं कार्ड पाठवते आहे. अजून 'तेन्जिन' म्हणता का, एवढंच लिही. तारीख आणि नाव घाल. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बाबांचा तो विनोद तुला आठवतो? गिऱ्हाईक आलं की दोघींना पुढे करून म्हणायचे, "आमच्याकडे दोन तेन्जिन. थोरलीचा हातात, धाकटीचा डोक्यात." गल्ली हसायची. तूही हसायचीस. मी पंचवीस तारखेला देवळात जाऊन काशाच्या बैलाचं डोकं घासायचे, बुद्धी यावी म्हणून, आणि घरी यायचे तेव्हा तुम्ही दोघं पाठमोरी, एकाच दिव्याखाली, एकाच लाकडावर वाकलेली. अकरा वर्षांची असताना मी तुझी कानस उचलली होती. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पेन्सिल दिली. "तुझी बोटं शाईची आहेत," म्हणाले. किती मायेने म्हणाले. मी अजून विसरलेली नाही.

नोबुए

टोकियो, ३० मे १९७२

ताई,

कार्ड मिळालं. 'हो. रोज म्हणतो. दुसरा शब्दच नाही. कात्सुयो.' पंधरा महिन्यांनी आलेले तुझे शब्द, आणि तेही मी मागितले म्हणून. अक्षर तसंच आहे, प्रत्येक रेघ पटाशीने ओढल्यासारखी.

वाईट बातमी अशी की नऊ ओळींच्या सात झाल्या. पाचवा अर्थ बसला नाही. मनाला लावून घेऊ नकोस. लहान कोशात असं होतंच.

आणखी एक. शेजारच्या टेबलावरच्या साकुमाबाईंनी मासिक आणलं होतं, तुझा फोटो असलेलं. दांड्या घडवणारी क्योटोतली बाई. बाबांचा निळा अंगरखा तू बाह्या दुमडून घातला आहेस आणि हातात लाकडी मुठीची ती पटाशी, जिला मी हात लावलेला बाबांना चालायचा नाही. खाली लिहिलं आहे की उस्तादांचा शेवटचा शब्द 'तेन्जिन' होता, मुलीने अर्धी घडवलेली दांडी त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती धरली आणि धरल्या धरल्याच गेले.

सगळ्यांनी वाचलं. साकुमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हिबिनो सरांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि म्हणाले, "काम करणाऱ्या माणसाचा चेहरा आहे." चार वर्षांत मला त्यांनी असं काही म्हटलेलं नाही, आणि मी रविवारीसुद्धा जाते.

लेखात 'उस्तादांची मुलगी' असं आहे. मुलगी, एकच. तुला एक धाकटी बहीण आहे हे त्या माणसाने विचारलं नसेल. किंवा विचारलं असेल.

त्या दिवशीचं मला माझ्या बाजूने एकदा लिहू दे. शेजारच्या माकिनोकाकू पेज घेऊन आल्या होत्या, वर एक लाल उमे. त्यांनी चमच्याने भरवलं. आठ दिवस बाबा एक शब्द बोलले नव्हते. मग तीनदा म्हणाले, तेन्जिन, तेन्जिन, तेन्जिन. डोळे दाराकडे होते. दाराबाहेर त्या दिवशी काय होतं? वर्षातली पहिली पंचवीस तारीख, आख्खी गल्ली देवळाकडे चाललेली. मी जन्मभर त्यांच्या सांगण्यावरून त्या देवळात गेले. मी दुसरं काय समजणार होते? "जाऊन येते बाबा," म्हणाले आणि निघाले. त्यांनी मान हलवली असं मला वाटलं. आता खात्री नाही.

गर्दी तुला माहीत आहे. बैलापर्यंत पोचायलाच एक तास गेला. मी त्याची छाती घासली, कारण बाबांना तिथे त्रास होता. ताईत घेऊन परतले तेव्हा दारात शेजाऱ्यांच्या चपला होत्या, बाबा गेले होते. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "देवाकडे गेली होतीस होय? ते दांडी मागत होते. शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये."

 सातव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी टोकियोच्या गाडीत बसले. शेवटचं दर्शनही तुझ्या वाट्याला गेलं, शेवटचा शब्दही, आणि आता मासिकही.

हे लिहायला नको होतं. पण फाडणार नाही.

नोबुए

टोकियो, १७ जून १९७२

ताई,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. ओळी सात झालेल्या नाहीत. नऊच आहेत.

मासिक ज्या दिवशी आलं त्याच दुपारी सरांनी मला बोलावून विचारलं, "तेन्जिनचं काय झालं? घरून कळलं का?" तुझं कार्ड माझ्या खणात होतं, डब्याच्या रुमालाखाली. मी म्हणाले, "विचारलं. आता कुणी म्हणत नाहीत. नुसतं दांडीचं डोकं म्हणतात." सरांनी लाल पेन्सिलीने पाचव्या अर्थावर रेघ मारली आणि 'चौकशी केलीत, बरं केलंत' असं म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं माझा आवाज फाटेल.

तू विचारशील, का. मी मनाशी बरीच कारणं रचली. खरं एकच आहे. तो अर्थच कोशात नसेल तर बाबांनी तुला हाक मारलेली नाही. राहिला देव, आणि देव माझा. वेडेपणा आहे, मला कळतं. बाबांनी काही आमचा कोश उघडून बघून शब्द उच्चारला नव्हता. पण ती रेघ ओढली गेली तेव्हा मला छातीत हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं की कोश कशासाठी. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, नवा कोट घालून बसले होते. तू शिवलेला कोट, करडा, आतून बाबांच्या जुन्या किमोनोचं अस्तर लावलेला. मी म्हणाले होते, कोशात मंत्र्याचा शब्द आणि सुताराचा शब्द एकाच मापाच्या खिळ्यांत छापला जातो, एवढी बरोबरी मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. सर तेव्हा हसले नाहीत. मला वाटतं त्या वाक्यावर मला घेतलं. मी ते मनापासून म्हटलं होतं आणि अजूनही मानते. म्हणूनच हे जास्त लागतं. मी सुताराचा शब्द खोडला, आणि सुतार माझ्याच घरातला.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तू चौदा. पुढच्या वर्षी तू शाळा सोडलीस. माझ्या वेण्या, माझा डबा, माझ्या फीची तारीख, सगळं तुझ्याकडे. लोक म्हणायचे, ताईचे उपकार विसरू नकोस. मी विसरत नव्हते. मला फक्त तुझ्या जागी बसायचं होतं. दुपारच्या जेवणानंतर तुम्ही दोघं हातोडीने उमेची कोय फोडायचात आणि आतला गर वाटून खायचात, एक तुकडा तुझा, एक त्यांचा. मी हात पुढे केला की बाबा म्हणायचे, "तू नाही. तुझ्या परीक्षा आहेत. तेन्जिन खाल्लास तर अक्षरं पळून जातील." माझ्या कोया मी धुऊन, कागदात बांधून देवळात टाकून यायचे. सोळा वर्षांच्या शिक्षणात मी एकही खाल्ली नाही. ताई, त्याची चव कशी असते हेसुद्धा मला माहीत नाही, आणि मी त्याची व्याख्या लिहिली आहे.

तीन जुलैला शेवटची मुद्रितं छापखान्यात जातात. त्यानंतर काही बदलत नाही. सरांना सांगावं तर ते माझ्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला काढतील, आणि त्यांनी काढाव्यातच. संपादकाने एकदा खोटी चौकशी सांगितली की त्याच्या कुठल्याच नोंदीवर विसंबता येत नाही. माझ्या तीनशे चाळीस आहेत. चार वर्षं.

मला तुझ्याकडून परवानगी नको आहे, माफीही नको. नको असं लिहिते आहे, पण पत्र पाठवते आहे.

नोबु

टोकियो, ३ जुलै १९७२

ताई,

तुझं पाकीट आणि बरणी शुक्रवारी, तीस तारखेला मिळाली. बरणी वाटेत जराशी गळली होती, म्हणून पत्राच्या कडा लाल झाल्या आहेत आणि खोलीभर आपल्या स्वयंपाकघराचा वास आहे.

'एवढी शिकलीस ती काय शब्द चोरायला?' ही तुझी पहिली ओळ वाचून मी पत्र पालथं ठेवलं आणि चहा केला. मग पुढचं वाचलं.

तू लिहिलंस ते मी आता इथे परत लिहिते, म्हणजे आपण दोघींनी ते एकदा तरी एकाच शब्दांत म्हटलं असं होईल. तू दांडी त्यांच्या हातात दिलीस. त्यांनी ती ढकलली. तुला वाटलं पकड सुटली, म्हणून तू पुन्हा दिलीस, आणि त्यांनी पुन्हा ढकलली, या वेळी बोटांनी, मुद्दाम. मग गेले. 'मी घडवलेला माथा होता तो,' तू लिहितेस. 'मला वाटलं, वळण चुकलं असेल म्हणून ढकलला. वर्षभर प्रत्येक दांडीवर तेच मनात येतं. तो मासिकवाला वही काढून बसला होता, मी म्हटलं धरली. त्याने लिहून घेतलं, आणि मला बरं वाटलं.'

आणि माकिनोकाकूंचं. त्यांना आपलं भांडण कशावरून झालं हे आत्ता, तुझ्याकडून कळलं. तू लिहिलेलं त्यांचं बोलणं मला त्यांच्या आवाजातच ऐकू आलं: "अगं पोरींनो, तोंड पुसताना त्याच्या गालात कोय सापडली होती मला. मी काढली आणि टाकून दिली. त्यात काय सांगायचं?"

खाली तू लिहिलंस: 'त्यांना ती थुंकायची होती, का फोडून आतला गर हवा होता, का आणखी काही, देव जाणे. कोणता देव ते तू कोशात बघून सांग.'

मी मोठ्याने हसले. घरमालकीणबाई वर बघायला आल्या.

पण त्याआधी काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर हेही पत्र मागच्यासारखंच होईल. त्यांनी दांडी ढकलली हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आनंद झाला. तुलाही मिळालं नाही, असा. पूर्ण एक क्षण नुसता आनंद. मग दिसलं की मी तिथे गर्दीत बैलाची छाती घासत होते तेव्हा तू एकटी त्या खोलीत, हातात नाकारलेलं लाकूड घेऊन बसली होतीस, आणि मी दारात आले तेव्हा तुला कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं. आधीचा आनंद त्यामुळे खोटा ठरत नाही. दोन्ही मनात आलं, त्याच क्रमाने.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. तुझ्या वळणात चूक नव्हती, एवढं मात्र मी सांगू शकते. फोटोत पाहिलं. मी तो फोटो किती वेळा पाहिला हे तुला कळलं तर तू चिडवशील.

शनिवारी सकाळी बरणी घेऊन कार्यालयात गेले. कुणी आलेलं नव्हतं. एक उमे खाल्लं, कोय धुतली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून कागद दाबायच्या लोखंडाने फोडली. पहिल्यांदा निसटून साकुमाबाईंच्या टेबलाखाली गेली. तुम्ही ती कशी धरायचात? दुसऱ्या फटक्याला फुटली. आतला गर बदामासारखा, ओला, पांढुरका. खाल्ला. आधी खारट लागला, मग कडवट, आणि अगदी शेवटी जिभेच्या मागे काहीतरी फुलासारखं. तेच तुम्ही वाटून घेत होता तर.

मग तुझं कार्ड घेऊन सरांच्या खोलीत गेले.

सगळं सांगितलं, मासिकासकट. सरांनी कार्ड वाचलं, मग पुन्हा वाचलं. रागावले नाहीत, ते मला जास्त जड गेलं. "किती नोंदी आहेत तुमच्या?" म्हणाले. मी आकडा सांगितला. म्हणाले की सगळ्यांचे पुरावे साकुमाबाई पुन्हा ताडून बघतील, ज्या कच्च्या निघतील त्यांवर टाचणी लागेल, आणि मी सोमवारपासून तळघरात कार्डं लावायला बसायचं. शेवटच्या पानावरच्या संपादकांच्या यादीत माझं नाव असणार नाही. मी 'बरोबर आहे' म्हटलं. ते खरोखर बरोबर आहे.

मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "खोडलेली जागा भरून गेली आहे. आता हा अर्थ घालायचा तर एक ओळ मोकळी करावी लागेल. उदाहरण आहे?"

मी म्हणाले, "थोरली तेन्जिन तासते आहे."

त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने अक्षरं मोजली. पहिल्या अर्थातले दोन शब्द काढले, म्हणजे आकाशातल्या देवांना जरा सरकावं लागलं. थोरली कोण ते त्यांनी विचारलं नाही. मुद्रितावर पाचवा अर्थ त्यांनी माझ्याकडून माझ्याच हाताने लिहून घेतला, कोश झाल्यावर त्यात माझ्या हातचं तेवढंच उरलं तरी असू दे म्हणाले.

आज सकाळी मुद्रितं छापखान्यात गेली. पोतं मीच खाली नेऊन गाडीत ठेवलं.

नोबु